आष्टीचे बंदिवान : युद्धकैदी की गुन्हेगार?



वर्धा जिल्ह्यातील या तालुक्याचे नाव सरकारदरबारी 'आष्टी शहीद' असे लिहिले जाते. गावाच्या नावालाच हौतात्म्याचे बिरूद जोडले जावे, असे भाग्य महाराष्ट्रात फार थोड्या गावांना लाभले आहे. नागपंचमी आली की येथील हुतात्म्यांचे स्मरण होते, फुले वाहिली जातात, भाषणे होतात. ते योग्यच आहे. परंतु १९४२ च्या त्या दिवशी जे धारातीर्थी पडले त्यांच्यामागे आणखी एक मोठा समुदाय उरला होता. ते मेले नाहीत, पकडले गेले. आजचा विषय त्या पकडल्या गेलेल्यांचा आहे. कारण त्यांच्या निमित्ताने जो प्रश्न उभा राहिला, तो तोवर जगातील थोरथोर विधिज्ञांना सुटलेला नव्हता, आणि आजही तो पुरता सुटलेला नाही. एकाच राज्याच्या पोटात संग्राम पेटतो तेव्हा शत्रूच्या हाती सापडलेला माणूस कोण असतो? युद्धकैदी, की नुसता गुन्हेगार?

प्रथम घटनाक्रम. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे पुढारी गजांआड गेले. वर्धा तर या चळवळीचे घरच. सेवाग्राम येथून हाकेच्या अंतरावर. पुढारी नाहीत, आज्ञा नाहीत, वर्तमानपत्रांवर निर्बंध, अशा अवस्थेत खेडोपाडी जे घडले ते लोकांनी आपल्या बुद्धीने आणि आपल्या हिमतीवर केले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी या सगळ्या टापूतील मने आधीच तापलेली होती. मोझरीचे गुरुकुंज आष्टीपासून दूर नाही. महाराजांनाही त्याच ऑगस्टच्या अखेरीस चंद्रपूर येथे अटक झाली.

१६ ऑगस्टला रविवार होता आणि श्रावण शुद्ध पंचमी होती. नागपंचमीच्या दिवशी शेतकरी औत धरीत नाही, जमीन खणीत नाही, घरात तवा चुलीवर चढत नाही. गाव मोकळे असते. त्या दिवशी आष्टीचा जमाव पोलीस ठाण्यावर गेला. गोळीबार झाला, गावचे तरुण कोसळले. जमाव मागे फिरला नाही, आणि फौजदारासह पोलीसही त्या चकमकीत मारले गेले. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यातील चिमूरला असेच घडले. तेथे बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गोळीने पडला, आणि प्रांताधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे यांच्यासारखे अधिकारी जमावाच्या हातून प्राणाला मुकले. एकाच दिवशी, एकमेकांपासून इतक्या अंतरावरची दोन गावे. इतिहासाने त्यांची नावे कायमची जोडून टाकली आहेत, आणि पुढील तीन वर्षे सगळा देश 'आष्टी-चिमूर' हा एकच शब्द उच्चारीत होता.

नंतर लष्कर आले. चिमूरमध्ये गोऱ्या सैनिकांनी काय केले, स्त्रियांवर कोणते प्रसंग आले, ते या व्यासपीठावरून वर्णन करण्याचे कारण नाही. एवढे सांगणे पुरे की गावातील पुरुष मोठ्या संख्येने आधीच पकडून नेलेले होते आणि घराघरांत बायकामुले उरली होती. नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी चिमूरला जाऊन तेथील हकीकती ऐकल्या आणि चौकशीची मागणी उघडपणे केली. हिंदुमहासभा संघटना म्हणून 'छोडो भारत'च्या चळवळीत सामील नव्हती. तरीही आपल्या राजकीय विरोधकांच्या गावावर ओढवलेल्या संकटाची वाच्यता तिच्या या वृद्ध नेत्याने केली, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी याच चौकशीसाठी दिल्लीत लोकनायक बापूजी अणे यांच्या दारी उपोषण आरंभिले. अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. भन्साळींचे उपोषण ६३ दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. त्याच्या बातम्या छापण्यासही मनाई होती.

आता मूळ मुद्दा. सरकारच्या दृष्टीने हे काय होते? व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ३१ ऑगस्ट १९४२ रोजी पंतप्रधान चर्चिल यांना कळविले की, १८५७ नंतरचे हे सर्वांत गंभीर बंड आहे. ते चिरडण्यासाठी लष्कराच्या ५७ पलटणी वापरण्यात आल्या. काही ठिकाणी विमानांतून जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या. गावागावांवर सामूहिक दंड बसले. शत्रूच्या मुलुखात विजयी सेना जशी खंडणी वसूल करते, तशीच ही वसुली होती. म्हणजे शस्त्रे युद्धाची, सैन्य युद्धाचे, भाषा युद्धाची. मात्र ज्या क्षणी आष्टीचा शेतकरी हातात सापडला, त्या क्षणी युद्ध संपले आणि भारतीय दंडविधान सुरू झाले. तो बंडखोर सैनिक नव्हता, युद्धकैदी तर नव्हताच. तो खून, दंगा आणि जाळपोळ यांचा आरोपी होता.

बरे, दंडविधान तर दंडविधान. मग नेहमीची न्यायालये तरी मिळावीत? तेही नाही. जानेवारी १९४२ मध्ये, जपानच्या स्वारीची धास्ती असताना, सरकारने खास फौजदारी न्यायालयांचा वटहुकूम काढून ठेवला होता. कोणता खटला खास न्यायाधीशापुढे पाठवायचा हे सरकारी अधिकाऱ्याने ठरवायचे; अपिलाची वाट बंद; फाशीसारख्या भारी शिक्षांचा फेरविचार सरकारने नेमून दिलेल्या एका न्यायमूर्तीने करायचा, आणि त्याचा निर्णय अखेरचा. परकीय आक्रमणाच्या काळजीतून जन्मलेले हे हत्यार आष्टी-चिमूरच्या गावकऱ्यांवर चालले. त्यांना लढाऊ शत्रूचे संरक्षणही मिळाले नाही आणि सामान्य आरोपीचेही नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी ही गत होती. खास न्यायालयांनी फाशीच्या आणि जन्मठेपेच्या शिक्षा सुनावल्या.

येथे भारतीय न्यायसंस्थेच्या इतिहासातील एक बाणेदार प्रकरण येते, आणि ते फारसे कोणाला ठाऊक नसते. ४ जून १९४३ रोजी दिल्लीच्या फेडरल कोर्टाने, बनवारीलाल शर्मा यांच्या प्रकरणात, हा वटहुकूम घटनाबाह्य ठरविला. हंगामी सरन्यायाधीश वरदाचारियार आणि न्यायमूर्ती जफरुल्ला खान यांचे मत एक झाले, न्यायमूर्ती रोलंड यांचे विरुद्ध पडले. माणसाला कोणत्या न्यायालयापुढे उभे करायचे, याची कसलीही कसोटी न सांगता तो निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपविता येणार नाही आणि उच्च न्यायालयाचे हात असे बांधता येणार नाहीत, हे त्यातले सार. महायुद्ध ऐन भरात असताना, सरकारनेच नेमलेल्या न्यायमूर्तींनी हे सांगितले. सरकारने काय केले? दुसऱ्याच दिवशी, ५ जूनला, नवा वटहुकूम काढला! खास न्यायालये मोडीत निघाली, पण त्यांनी दिलेल्या शिक्षा जणू सामान्य न्यायालयांनीच दिल्या आहेत असे समजावे, असे त्यात लिहिले. काल रद्द ठरलेला फास आज पुन्हा वैध झाला. पुढे नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने फेडरल कोर्टाचा निर्णयही फिरविला.

तरी त्या नव्या वटहुकुमातून एक गोष्ट मिळाली होती : अपिलाचा हक्क. आणि अपील म्हणजे वेळ. फाशीच्या कोठडीत बसलेल्या माणसाला वेळ म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणे कठीण. त्या मिळालेल्या वेळात नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी हे प्रकरण आपल्या खांद्यावर घेतले. त्या प्रांतोप्रांती फिरल्या, पैसा उभा केला, वकिलांना भेटल्या, पुढाऱ्यांना भेटल्या, आष्टी-चिमूरचे नाव देशाला विसरू दिले नाही. ज्यांना वाचवायचे ती माणसे कोणी प्रसिद्ध क्रांतिकारक नव्हती. वऱ्हाड-नागपूरकडील खेड्यांतली साधी माणसे होती. त्यांच्यासाठी एका सुशिक्षित शहरी स्त्रीने असे जीव टाकून धावावे, ही त्या काळाची पुण्याई. गांधीजी अहिंसेचे आचार्य. आष्टी आणि चिमूर येथील हत्यांचे समर्थन त्यांनी कधीच केले नाही. परंतु १९४५ मध्ये फाशीची वेळ जवळ आली तेव्हा त्यांनीही जाहीरपणे सांगितले की, इतक्या कालावधीनंतर कायद्याच्या नावाने, समारंभपूर्वक या माणसांना लटकावणे हा थंड डोक्याने केलेला वध ठरेल. प्रिव्ही कौन्सिलचे दार बंद झाले, दयेचे अर्ज झाले, तारखा पुढे गेल्या. अखेर ऑगस्ट १९४५ मध्ये, जपानने शरणागती पत्करली त्याच सुमारास, व्हाइसरॉय वेव्हेल यांनी उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. नागपंचमीच्या त्या दिवसाला तीन वर्षे होत आली होती.

हे जे आष्टीच्या बंदिवानांचे झाले, ते नवे नव्हते. ऐंशीहून अधिक वर्षे मागे जाऊ. एप्रिल १८५९. नरवरच्या मानसिंगाच्या विश्वासघाताने तात्या टोपे पकडले गेले. शिवपुरीस लष्करी न्यायालय बसले. आरोप काय, तर ब्रिटिश सरकारविरुद्ध युद्ध आणि बंड. तात्यांनी दिलेला जबाब नीट वाचावा असा आहे. आपण आपल्या धन्याच्या, म्हणजे नानासाहेबांच्या आणि नंतर रावसाहेबांच्या, आज्ञेने लढलो. रणांगणावाचून कोणाचा जीव घेतला नाही. अशी त्यांची भूमिका होती. दयेची याचना करणारा हा जबाब नव्हे, कायद्याचा युक्तिवाद आहे. मी एका सत्तेचा सैनिक आहे, मला सैनिकाचा न्याय लावा, असे तात्या सांगत होते. ज्या सेनापतीला पकडण्यासाठी इंग्रजांच्या कितीतरी पलटणी मध्य हिंदुस्थानभर महिनोन्महिने धावत होत्या, त्याला १८ एप्रिलला बंडखोर म्हणून फासावर चढविले. ज्या राज्याचा तो कधी प्रजाजन नव्हता, त्या राज्याशी द्रोह त्याने कसा केला, हा प्रश्न त्या न्यायालयाला पडला नाही.

तात्यांना फाशी झाली त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेत यादवी पेटली, आणि हाच प्रश्न तेथे गोऱ्यांना गोऱ्यांच्याच बाबतीत सोडवावा लागला. दक्षिणेतील राज्ये फुटून निघाली होती. लिंकनच्या सरकारच्या मते ते स्वतंत्र राष्ट्र नव्हे, बंडखोरांची टोळी होती. मग समुद्रात दक्षिणेच्या परवान्याने लढणारी 'सव्हाना' नावाची नौका पकडली गेली तेव्हा तिच्यावरील माणसांना चाचे म्हणून न्यूयॉर्कच्या न्यायालयात उभे करण्यात आले. चाचेगिरीची शिक्षा फाशी. दुसऱ्या एका नौकेवरील एक जण तर फिलाडेल्फियात दोषीही ठरला. दक्षिणेने उत्तर कसे दिले? आपल्या ताब्यातील उत्तरेच्या पकडलेल्या सैनिकी अधिकाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि जितकी माणसे चाचेगिरीच्या आरोपाखाली होती तितके अधिकारी बाजूला काढले. तुम्ही आमच्या माणसांना लटकावा, आम्ही यांना लटकावतो. १८६२ च्या आरंभी उत्तरेने माघार घेतली आणि त्या नौकांवरील माणसांना युद्धकैदी म्हणून वागविण्यास सुरुवात केली. तत्त्वाने जे झाले नसते ते भीतीने झाले.

पण अमेरिकेचे श्रेय असे की तिने तेवढ्यावर हा विषय सोडला नाही. फ्रान्सिस लीबर नावाचे जर्मन वंशाचे एक प्राध्यापक होते. त्यांचे दोन पुत्र उत्तरेकडून लढत होते आणि एक दक्षिणेकडून लढून १८६२ मध्ये मरण पावला होता. यादवी म्हणजे काय, हे त्या बापाला पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. लिंकनच्या सरकारसाठी त्यांनी युद्धाच्या नियमांची १५७ कलमांची संहिता लिहिली आणि २४ एप्रिल १८६३ रोजी ती सैन्याला लागू झाली. तिच्या शेवटच्या भागात एक विलक्षण तोडगा आहे : बंडखोरांना माणुसकीपोटी युद्धाचे नियम लावले, त्यांच्या बंदिवानांना युद्धकैदी मानले, म्हणून त्यांच्या सरकारला मान्यता दिली असे मुळीच होत नाही. सरकारची सगळी भीती एका वाक्यात संपविली! बंडाच्या म्होरक्यांवर राजद्रोहाचा खटला भरण्याचा हक्कही त्याच संहितेने राखून ठेवला. म्हणजे राज्याचा अधिकारही शाबूत आणि कैद्याचा जीवही शाबूत. हा विचार १८६३ मध्ये छापून झाला होता. १९४२ च्या भारत सरकारला तो ठाऊक नव्हता, असे म्हणता येणार नाही.

कागदावरचा नियम म्हणजे आचरण नव्हे, हेही त्याच यादवीने दाखवून दिले. दक्षिणेतील अँडरसनव्हिल येथील कैद्यांच्या छावणीत सुमारे १४ महिन्यांत ४५ हजारांच्या आसपास माणसे कोंडली गेली आणि त्यांतील जवळजवळ १३ हजार भूक, घाण पाणी आणि रोगराई यांनी मेली. उत्तरेच्या एल्मायरा छावणीतील मृत्यूही लाजिरवाणे होते. कैद्यांची अदलाबदल थांबली म्हणून छावण्या तुंबल्या. आणि ती थांबण्याचे एक मोठे कारण असे की, उत्तरेच्या सैन्यातील कृष्णवर्णी सैनिकांना युद्धकैदी मानण्यास दक्षिण तयार नव्हती. तिच्या लेखी ते पळून गेलेले गुलाम होते. पुन्हा तेच. माणूस तोच, गणवेष तोच, बंदूक तीच. पण त्याला दिलेले नाव बदलले की त्याचे दैव बदलते. युद्धानंतर अँडरसनव्हिलचा अधिकारी हेन्री वर्झ याला १० नोव्हेंबर १८६५ रोजी फाशी देण्यात आली.

आता पुन्हा आपल्या देशाकडे येऊ. आष्टी-चिमूरच्या फाशीच्या शिक्षा रद्द होऊन तीन महिनेही झाले नव्हते तोच ५ नोव्हेंबर १९४५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन या तीन अधिकाऱ्यांवरील खटला उभा राहिला. भुलाभाई देसाई यांनी तेथे जो युक्तिवाद केला तो तात्या टोप्यांच्या जबाबाचा पूर्ण विकसित अवतार म्हणावा लागेल. परतंत्र राष्ट्राला स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा अधिकार आहे. संघटित सरकारच्या आज्ञेने, शिस्तबद्ध सेनेत लढलेल्यांना सामान्य फौजदारी कायदा लावता येत नाही. न्यायालयाने ते मानले नाही, जन्मठेपा दिल्या. परंतु सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ३ जानेवारी १९४६ रोजी त्या माफ केल्या. देशात उसळलेला क्षोभ हे त्याचे खरे कारण होते, हे कोणापासून लपलेले नाही.

एक फरक मात्र लक्षात घ्यावा. आझाद हिंद सेनेजवळ गणवेष होता, पदे होती, सरकार होते, ध्वज होता. भुलाभाईंना हाती धरण्यासाठी काहीतरी होते. आष्टीच्या माणसाजवळ यांतले काहीही नव्हते. अंगात बंडी, डोक्याला मुंडासे, असलाच तर हाती शेतातला एखादा दांडा. कोणत्याही देशाच्या कायद्यात तो सैनिक ठरला नसता. म्हणून त्याच्या बाजूने लढताना 'हा युद्धकैदी आहे' असे सांगण्याची सोयच नव्हती. 'हा माणूस आहे, आणि त्याला धड न्यायालय मिळालेले नाही' एवढेच सांगता येत होते.

आणि नेमके तेवढेच १९४९ साली जगाने मान्य केले. १२ ऑगस्ट १९४९ च्या जिनिव्हा करारांची चार पुस्तके आहेत. चारही पुस्तकांत तिसरे कलम एकच आहे. राष्ट्राराष्ट्रांतील युद्ध नव्हे, तर एकाच देशाच्या हद्दीतील सशस्त्र संघर्ष हा त्याचा विषय. शस्त्र खाली ठेवलेल्या, जखमी झालेल्या, पकडल्या गेलेल्या माणसाला माणुसकीने वागवावे. त्याची हत्या, छळ, अंगच्छेद, विटंबना करू नये. कोणाला ओलीस ठेवू नये. आणि रीतसर स्थापन झालेल्या, न्यायाची सर्व आवश्यक हमी देणाऱ्या न्यायालयाच्या निकालावाचून शिक्षा देऊ नये वा देहदंड देऊ नये. हे शेवटचे वाक्य वाचताना १९४२ च्या खास न्यायालयांची आठवण येणे अपरिहार्य आहे. लीबरचा तोडगाही येथे आहे. हे कलम पाळल्याने संघर्षातील कोणाच्याही कायदेशीर दर्जात फरक पडत नाही, असे त्यातच म्हटले आहे. भारताने १९५० मध्ये हे करार मान्य केले आणि १९६० मध्ये त्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. हे कलम बंडखोराला युद्धकैद्याचा दर्जा मात्र देत नाही. त्याच्यावर खटला चालतो, त्याला शिक्षा होते. सार्वभौम राष्ट्राने तो हक्क सोडावा, असे कोणी म्हणणारही नाही. अंतर्गत संघर्षांविषयीचा १९७७ चा पुढचा, अधिक विस्तृत करार भारताने स्वीकारलेला नाही.

भारताच्या सैन्याने ही कसोटी १९७१ साली दिली. पूर्व पाकिस्तानातील रण हे मुळात एका देशाच्या पोटातील यादवी होती. डिसेंबरमध्ये ते दोन राष्ट्रांचे युद्ध झाले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि सुमारे ९३ हजार पाकिस्तानी सैनिक व नागरिक आपल्या ताब्यात आले. नऊ महिन्यांच्या अनन्वित अत्याचारांनंतर त्या भूमीत सूडाची केवढी आग धुमसत होती, याची कल्पना करता येते. तरी या कैद्यांना आपल्या सेनेने संरक्षण दिले, भारतातील छावण्यांत आणून सांभाळले आणि १९७३ च्या दिल्ली करारानंतर परत पाठविले. पण शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, १८ डिसेंबरला, ढाक्याच्या एका मैदानावर हजारोंच्या गर्दीसमोर हातपाय बांधलेल्या काही स्थानिकांना संगिनींनी भोसकून मारण्यात आले. पाकिस्तानला साथ दिल्याचा त्यांच्यावर आरोप होता. परदेशी छायाचित्रकारांनी टिपलेली ती चित्रे जगभर छापली गेली. ज्या पाकिस्तानी सैनिकाने हुकूम दिले तो युद्धकैदी म्हणून सुखरूप होता. त्याचा स्थानिक हस्तक यादवीतला माणूस होता, त्याला कुठलाच दर्जा नव्हता.

येथवर सरकारांची उणीदुणी काढून झाली. आता जी गोष्ट आपल्याला थोडी जड जाईल ती. बंदिवान नेहमी सरकारच्याच हाती नसतात. ऑक्टोबर २००९ मध्ये पश्चिम बंगालच्या सांकराईल पोलीस ठाण्यावर माओवाद्यांनी हल्ला केला, दोन पोलिसांना ठार केले आणि ठाण्याच्या प्रमुखाला उचलून नेले. दोन दिवसांनी त्याला सोडले ते अंगावर 'युद्धकैदी' अशी पाटी लावून. त्याच्या बदल्यात काही आदिवासी स्त्रियांचा जामीन मिळविण्यात आला. पाटीवरचा शब्द जिनिव्हाचा होता, व्यवहार ओलिसांचा होता, आणि ओलीस धरण्यास त्याच जिनिव्हा कराराची बंदी आहे. त्याच महिन्यात झारखंडमध्ये अपहरण केलेल्या फ्रान्सिस इंदवार या पोलीस निरीक्षकाचा माओवाद्यांनी शिरच्छेद केला. एकाला पाटी, दुसऱ्याला कोयता. आपल्या शेजारच्या गडचिरोलीतही 'खबऱ्या' हा एकच शब्द उच्चारून किती आदिवासी मारले गेले! तो शब्दही एक नावच आहे. ते लावले की साक्षीपुरावा, न्यायालय, अपील यांची गरज उरत नाही.

मग आष्टीकडे आणि चिमूरकडे पाहताना तोच डोळा ठेवावा लागतो. माओवाद्यांशी १९४२ च्या गावकऱ्यांची तुलना करणे हा अन्याय होईल. स्वातंत्र्यासाठी, गोळीबाराला तोंड देत, संतापाच्या एका लाटेत घडलेली ती घटना होती. तिच्यामागे कट नव्हता, शिक्षा देण्याचा थंड हिशेब नव्हता. तरी ठाण्यात मारले गेलेले पोलीस या देशाचेच होते. डुंगाजी आणि सोनवणे ही नावे इंग्रजांची नाहीत. पगारासाठी परक्याची चाकरी करणारी ती माणसे होती. त्या काळी या देशातील लाखो घरे तशाच पगारावर चालत होती. जमावाच्या वेढ्यात सापडून ज्या क्षणी शिपायाची बंदूक निकामी होते, त्या क्षणी तो कोण असतो? दिवसभरापूर्वी तो सरकार होता. आता तो बंदिवान आहे, आणि त्याचा जीव समोरच्या माणसांनी त्याला दिलेल्या नावावर अवलंबून आहे. कोणी 'देशद्रोही' म्हणाले तर एक गती, कोणी 'आपलाच माणूस' म्हणाले तर दुसरी.

यादवीचे हेच क्रूर वैशिष्ट्य आहे. परक्या देशाचा सैनिक पकडला तर त्याच्याविषयी राग असतो, पण तो उतरतो. तो आपल्या घरी परत जाणार हे ठाऊक असते. आपल्यातलाच माणूस दुसऱ्या बाजूला सापडला तर त्याच्याविषयीचा राग अधिक खोल असतो आणि त्याला परत पाठविण्यासाठी दुसरा देशही नसतो. त्याला याच गावात राहायचे असते. लीबर यांचे पुत्र एकाच घरातून निघून दोन सैन्यांत गेले. १९४२ मध्ये विदर्भात एक भाऊ चळवळीत आणि दुसरा सरकारी नोकरीत, अशी घरे काही थोडी नव्हती.

आष्टीचे बंदिवान सुटून आले तेव्हा देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. ज्या दंडविधानाखाली त्यांना शिक्षा झाल्या ते १८६० चे दंडविधान स्वतंत्र भारताने पुढे चालविले. १ जुलै २०२४ रोजी त्याची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. अनसूयाबाई काळे पुढे नागपूरमधून लोकसभेवर गेल्या. खास न्यायालयांचा वटहुकूम आज कायद्याच्या जुन्या खंडांत पडून आहे. आणि १९४९ च्या त्या तिसऱ्या कलमाची सुरुवात ज्या शब्दांनी होते ते असे सांगतात की, या मर्यादा संघर्षातील प्रत्येक पक्षावर बंधनकारक आहेत. फक्त सरकारवर नव्हेत. ते कलम १६ ऑगस्ट १९४२ रोजी अस्तित्वात असते, तर आष्टीच्या फाशीच्या कोठडीला लागू झाले असते, आणि त्याच्या आधी, त्याच दिवशी, आष्टीच्या ठाण्यालाही.